तुकड्यात काहीच सापडलं नाही

माझी मावशी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. पूर्वी ती पुढे, काउंटरवर असायची. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की ती त्याच्या नाकावर चष्मा ठेवायची, दोन्ही हातांनी काड्या कानामागे सरकवायची आणि जरा मागे होऊन एक डोळा बारीक करून बघायची. दोन्ही कान एका रेषेत असलेलं माणूस तिला म्हणे अजून भेटायचं होतं. मग ती काडी गरम हवेच्या यंत्रासमोर धरायची, अंगठ्याने किंचित वाकवायची, पुन्हा चढवून बघायची. म्हातारी माणसं मुद्दाम तिच्याकडेच यायची, कारण ती घाई करत नसे आणि तोंडाने गप्प बसत नसे. एका नाकाड्या गृहस्थाला तिने सांगितलं होतं, तुमच्या नाकावर दोन चष्मे आरामात बसतील, एकाची जागा भाड्याने द्या. ते इतके हसले की खरंच दुसरा चष्मा घेऊन गेले.

हे मला माहीत आहे, कारण माझी आई शाळेत दुपारच्या पाळीला शिकवायची आणि माझी शाळा सुटली की मी मावशीच्या दुकानात जाऊन बसायचे. आई आणि मावशी दोघीच बहिणी. मावशी मोठी. तिला मूल नव्हतं, त्यामुळे तिचे लाड सगळे माझ्याच वाट्याला आले.

मावशीला चाळिशी गाठायच्या आतच शौचाला रक्त पडू लागलं. मूळव्याध असेल म्हणून तिने औषधांच्या दुकानातून मलम आणून जवळजवळ वर्ष काढलं. असल्या जागेचं दुखणं ती सांगणार तरी कुणाला? शेवटी दुकानात उभ्या उभ्या चक्कर येऊन पडली, तेव्हा दवाखाना दिसला. गुदाशयात गाठ निघाली. कॅन्सरची, आणि अगदी खाली, दाराशी.

सर्जन मोठे होते, हाताला यश असलेले. त्यांनी समजावून सांगितलं. आधी काही आठवडे रेडिएशन आणि गोळ्या, म्हणजे गाठ आकसेल. मग ऑपरेशन करून तो सगळा भाग काढायचा, खालचं दार कायमचं शिवून टाकायचं आणि आतड्याचं तोंड पोटावर आणायचं. तिथे पिशवी लावायची. जन्मभर. काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्याने, एवढंच विचारलं की ही जगेल ना? सर्जन म्हणाले, जगेल. काका म्हणाले, मग करा. मावशी शेजारी बसलेली होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

रेडिएशन संपलं आणि काही आठवड्यांत तिचं रक्त थांबलं. दुखायचं थांबलं. जेवण अंगी लागायला लागलं. ऑपरेशनच्या आधीच्या भेटीत तिने धीर करून सर्जनना विचारलं होतं की मला आता बरं वाटतंय, कापायलाच हवं का? ते हसले. बरं वाटतंय म्हणजे औषध लागू पडलं, आता माझं काम सोपं होईल, असं म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. मावशी उठली.

ऑपरेशन झाल्यावर सात-आठ दिवसांनी ते तिच्या खाटेपाशी आले. चेहरा नुसता फुललेला. म्हणाले, "काढलेला तुकडा तपासून आला. त्यात काहीच सापडलं नाही. एक पेशीसुद्धा नाही. तुम्ही नशीबवान आहात."

आमच्या घरात केवढा आनंद झाला. आईने ओळखीच्या प्रत्येकाला फोन करून सांगितलं. मावशी स्वतःही कितीतरी वर्षं हे सांगायची, परीक्षेतले मार्क सांगावेत तसं. माझ्या तुकड्यात काही नव्हतं बरं का.

पिशवीबरोबर जगायला ती शिकली. पिशवीच्या चकतीला कात्रीने भोक पाडायचं, ते पोटावरच्या तोंडाला नेमकं बसायला हवं, नाहीतर कातडी सोलवटते. चष्म्याच्या काचा फ्रेममध्ये बसवणाऱ्या बाईला हे काम जमायला वेळ लागला नाही. जमलं नाही ते दुसरंच. पोटावरच्या त्या तोंडाला ताबा नसतो. ते केव्हाही आवाज करतं. चष्म्याचं दुकान शांत असतं, आणि गिऱ्हाईक हातभर अंतरावर. एकदा एका बाईने चष्मा लावून घेता घेता नाक मुरडलं आणि आरशातून मावशीकडे पाहिलं. दुकानाचे मालक तसे सज्जन. त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात मावशीला सांगितलं की तुम्हाला फार वेळ उभं राहायला नको, मागे बसा, आराम पडेल. मागची खोली म्हणजे काचा घासायच्या यंत्राची. खिडकी नाही, दिवसभर पाण्याची धार आणि यंत्राची घरघर. तिथे कुणाच्याच पोटाचा आवाज ऐकू येत नाही. मावशी त्या खोलीत गेली ती गेलीच.

काका वर्षभर राहिले. मग त्यांनी दुसऱ्या गावी बदली मागून घेतली. आधी दर महिन्याला यायचे, मग दोन महिन्यांनी, मग नाहीच. भांडण झालं नाही. जाताना ते मावशीला एकच वाक्य बोलले होते, की मला त्या आवाजाने झोप लागत नाही. ते मावशीने मला खूप उशिरा सांगितलं, आणि सांगताना त्यांची बाजूही घेतली. म्हणाली, "खरंच लागत नसेल गं. त्यांची झोप पहिल्यापासून सावध."

बहिणीला हा आजार झाला म्हणजे आईनेही दुर्बिणीने तपासून घ्यायला हवं होतं. मावशी दर वर्षी आठवण करायची. आई दर वर्षी ते सुट्टीवर ढकलायची, आणि सुट्टीत कुठेतरी फिरायला जायची. मला काही होत नाही गं, तू उगीच जिवाला लावून घेतेस, हे तिचं ठरलेलं उत्तर. असं दहा-अकरा वर्षं चाललं. मग एका सकाळी आईने मावशीला फोन केला आणि आवाज खाली आणून सांगितलं की रक्त दिसलंय. मावशीने त्या दिवशी दुकानात पाऊल ठेवलं नाही. ती रिक्षा घेऊन थेट आमच्या दारात आली आणि आईला घेऊन गेली.

आईचीही गाठ खालीच होती. पण लहान होती, लवकर हाती लागली होती.

हॉस्पिटल तेच, इमारत नवी. यावेळी आम्हाला रेडिएशनच्या डॉक्टरकडे पाठवलं. ही डॉक्टर वयाने माझ्याएवढीच असेल. ती टेबलामागून उठून आईच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली आणि म्हणाली की तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत, मी दोन्ही सांगते, निर्णय तुमचा. एक ऑपरेशनचा, पिशवीचा. दुसरा अवयव वाचवायचा. आधी बाहेरून रेडिएशन आणि गोळ्या. मग एक बारीक नळी आत घालून, तिचं टोक गाठीलाच टेकवून, जवळून जोरदार किरण. गाठ पूर्ण गेली, तर ऑपरेशन नाही. फक्त दर तीन महिन्यांनी बोटाने, दुर्बिणीने आणि एमआरआयने तपासत राहायचं. काही जणांत ती परत उगवते, तेव्हा मग कापावं लागतं. खात्री कुणालाच देता येत नाही, तपासणी मात्र चुकवायची नाही.

आई रडत होती, तिला निम्मं ऐकूच आलं नसावं. मावशी ऐकत होती. तिने विचारलं, "गाठ विरघळली, तर आत खरंच काही उरलंय का, हे कापून बघत नाहीत?"

"नाही," डॉक्टर म्हणाली. "रिकामी जागा कशाला कापायची?"

ती अगदी सहज बोलली. समोर बसलेल्या बाईच्या कपड्यांखाली काय आहे, हे तिला माहीत नव्हतं. बहिणीला हाच आजार झाला होता एवढंच आम्ही सांगितलं होतं.

परत जाताना बस-स्टॉपवर मावशी बाकावर बसली. बस आली, तरी उठली नाही. मी तिला हात दिला, तर तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझ्या तुकड्यात काही नव्हतं." मी नेहमीच्या सवयीने हो म्हणाले. मग मला कळलं ती काय म्हणतेय. आई पुढे बसच्या पायरीवर उभी राहून आम्हाला लवकर चला म्हणत होती.

आईचे उपचार सुरू झाले. बाबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की मला हे असलं बघवत नाही, आणि कामावर गेले. मला नोकरीत रजा मिळेना. पाच आठवडे रोज सकाळी आईला घेऊन गेली ती मावशी. स्वतःची पिशवी पहाटे उठून बदलायची, काही न खाता निघायची, म्हणजे वाटेत त्रास नको. आईला जुलाब झाले, कातडी भाजल्यासारखी झाली, दहा-दहा वेळा पळावं लागायचं. आईची चिडचिड मावशीवर निघायची. पाणी कोमट का आहे, तू इतकी हळू का चालतेस. मावशी पाणी बदलून आणायची.

जवळून द्यायचे किरण त्यानंतर, मधे दोन-दोन आठवडे सोडून तीनदा. गुडघ्यांवर आणि कोपरांवर ओणवं व्हायचं आणि तसंच राहायचं. काम मिनिटाभराचं, पण आई बाहेर आली ती लाल डोळ्यांनीच. मला जनावरासारखं उभं केलं, म्हणाली, यापेक्षा मेलेलं बरं. मावशीने तिचे बूट तिच्या पायांत घातले. खाली वाकून नाडी बांधताना ती काय विचार करत होती कोण जाणे. तिला असं मिनिटभर ओणवं राहायला कुणी सांगितलं असतं, तर ती महिनाभर राहिली असती.

काही महिन्यांनी दुर्बिणीत गाठीच्या जागी पांढरा वण तेवढा दिसला. एमआरआयही स्वच्छ. डॉक्टरने आईचे दोन्ही हात हातात घेतले. पहिली दोन वर्षं डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं, एवढं बजावलं.

त्या आठवड्यात बाबांनी घरी जेवण ठेवलं. आईच्या शाळेतल्या मैत्रिणी आल्या, शेजारी आले. आई नव्या कपड्यांत खुलून दिसत होती. एका मैत्रिणीने विचारलं की सगळ्यात भीती कशाची वाटत होती. आई हसत म्हणाली, "मरायची नाही वाटली. पिशवीची वाटली. ती लागली असती ना, तर मी जगलेच नसते."

मैत्रिणीने मावशीकडे पाहिलं आणि नजर वळवली. आईच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं तरी तिने तसंच पुढे रेटलं. मावशीने ताटातलं संपवलं, ताट उचलून आत नेऊन धुतलं, आणि मागच्या दाराने निघून गेली. नंतर तिने आमच्याकडे येणं बंद केलं. फोन केला तर दुकानात गर्दी आहे म्हणायची. मागच्या खोलीत कसली गर्दी?

मधे एकदा तिने मला सोबत बोलावलं. तिला त्या सर्जनना भेटायचं होतं. ते आता आठवड्यातून दोनदा थोडा वेळ बसत. त्यांना ती आठवली नाही. आठवावी अशी अपेक्षाही नव्हती. तिने सगळं सांगितलं आणि विचारलं, की तुम्ही माझं जे कापलं, ते रिकामंच होतं ना?

सर्जन म्हणाले, "तुम्ही जिवंत आहात ना?"

"हो," मावशी म्हणाली. "म्हणून तर विचारायला येता आलं."

त्यांना राग आला नाही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सरळ बोलले. तेव्हा आमच्याकडे हीच रीत होती. गाठ गेल्यासारखी दिसली, तरी आत काही लपलंय का, हे कापल्याशिवाय कळायचं नाही. कुठेतरी लांब कुणी न कापता थांबत होते म्हणे, पण आम्ही त्यांना वेड्यात काढायचो. मी नुसतं थांबलो असतो आणि ते परत आलं असतं, तर तुम्ही आज वेगळा प्रश्न विचारत असता, किंवा विचारायला नसताच.

मावशी बाहेर आल्यावर म्हणाली की माणूस बरोबर बोलला. मी म्हटलं, मग आता तरी मनातून काढून टाक. ती म्हणाली, "त्यांचं बरोबर आहे, तुझ्या काकांचं बरोबर होतं, दुकानाच्या मालकांचंही बरोबर. सगळ्यांचंच बरोबर आहे गं. मी चिडू कुणावर?"

आईच्या पहिल्या दोन तपासण्या मी सांभाळल्या. तिसरीच्या वेळी तिच्या शाळेची सहल होती. चौथीच्या वेळी सर्दी. मला ती दुर्बीण नको वाटते, मी ठणठणीत आहे, असं म्हणून तिने हात झटकले. बाबा तिच्याच बाजूचे. शेवटी मी मावशीच्या दुकानात गेले आणि मागच्या खोलीत, यंत्राच्या आवाजात, तिला ओरडून सांगितलं की आईने सहा महिने दाखवलेलं नाही. मावशीने यंत्र बंद केलं. हात पुसले, मालकांना सांगितलं आणि माझ्याबरोबर निघाली.

आई ओट्याशी भाजी चिरत होती. इतक्या महिन्यांनी बहीण दारात बघून तिला आनंद झाला असावा, पण मावशी खुर्चीवर बसलीच नाही. उद्या सकाळी तयार राहा, मी न्यायला येते, एवढंच म्हणाली. आई म्हणाली, ते माझं मी बघेन. मावशी म्हणाली, तू बघत नाहीस. आवाज चढत गेला. आईने सुरी खाली ठेवली.

"खरं सांग ताई, माझं परत उगवलं, मला पिशवी लागली, तर तुला बरंच वाटेल ना?"

मला वाटलं मावशी आता रडेल, नाहीतर उलट्या पावली निघून जाईल. ती तिथेच उभी राहिली.

"एकदा वाटलं होतं," ती म्हणाली. "तुझ्या जेवणाच्या दिवशी. बसमध्ये बसल्या बसल्या वाटलं, हिचंही व्हावं, म्हणजे कळेल. स्टॉप येईपर्यंत वाटत होतं."

आईचा चेहरा पांढरा पडला. खरं उत्तर मिळेल असं तिला वाटलं नव्हतं.

"आता ऐकलंस ना?" मावशी म्हणाली. "उद्या सातला येते. खाऊन बसू नकोस."

दुसऱ्या दिवशी आई गेली. पण हॉस्पिटलात दोघी एक खुर्ची सोडून बसल्या, मधल्या रिकाम्या खुर्चीवर मी जाऊन बसले. वण तसाच होता, स्वच्छ. डॉक्टर आईला रागावली, अगदी शाळेतल्या मुलीला रागवावं तशी. आईने तिची माफी मागितली, तिचे आभार मानले. मावशीला ती काहीच बोलली नाही. त्यानंतरच्या तपासण्या मात्र चुकल्या नाहीत. दर वेळी मावशी सातला दारात उभी राहते. वाटेत दोघी बसच्या गर्दीबद्दल बोलतात, भाजीच्या भावाबद्दल बोलतात. त्या दिवसाचा विषय कुणी काढत नाही. त्या बोलण्याला क्षमा झाली का? मला नाही वाटत. आई अजून मावशीच्या हातचा चहा पिताना कपाकडे एकदा बघते.

दोन वर्षं पुरी झाल्यावर डॉक्टरने आईला विचारलं की नव्या पेशंटांसमोर बोलाल का? हे उपचार घेऊन बरं झालेलं माणूस बघितलं की त्यांना धीर येतो. आई शिक्षिका, तिला बोलायला काय लागतं. हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर एका खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. मावशीला कुणी आत बोलावलं नाही आणि तीही गेली नाही. आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो. दार उघडंच होतं. आई छान बोलत होती. अवयव वाचला म्हणजे माणूसपण वाचलं, असं ती म्हणाली तेव्हा आतून टाळ्या आल्या. मी मावशीकडे बघायचं टाळलं.

उशिरा आलेला एक माणूस आत जावं की नाही अशा विचारात बाकाजवळ घुटमळत होता. अंगावर ड्रायव्हरचा गणवेश होता. त्याने मावशीला विचारलं की तुम्हीपण पेशंट का? मावशी म्हणाली, जुनी. मग त्याने आवाज खाली आणून विचारलं, "पिशवी लावून जगता येतं का हो? मला ऑपरेशन सांगितलंय."

"येतं," मावशी म्हणाली. "मी जगतेय. पण तुम्ही आधी डॉक्टरांना विचारा, दुसरं काही होण्यासारखं आहे का. नसेल, तर का नाही, तेही विचारा. ते पुढच्या पेशंटला हाक मारतील. मारू द्या. तुम्ही उठू नका."

"तुम्ही विचारलं होतं?"

"एकदा."

तो आत गेला. कार्यक्रम संपला. आई बाहेर आली, हातात फुलं होती, गाल लाल झाले होते. कसं झालं माझं, तिने विचारलं. मावशी म्हणाली, सगळं स्पष्ट ऐकू आलं. मग तिने तिची पर्स माझ्याकडे दिली आणि पिशवी रिकामी करायला स्वच्छतागृहाकडे गेली. तिथे बाहेर रांग होती. आई फुलं या हातातून त्या हातात घेत उभी राहिली, रांगेकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि मला म्हणाली, "किती वेळ लावते गं ही."